उथळ पाण्यात गळाच्या सहली न्यायच्या असतील, तर बोटी घेण्याआधी

प्रति,
मा. जिल्हाधिकारी आणि जिल्हा नियोजन समितीचे सदस्य, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली,
तसेच मत्स्यव्यवसाय, जलसंपदा आणि पर्यटन विभागांचे अधिकारी

स.न.वि.वि.

जलपर्यटनाचा आराखडा निघाला की त्यात पेडल बोटी, जेटी, कारंजे आणि एखादे उपाहारगृह असतेच. त्यात गळाने मासोळी धरण्याच्या सहलींची भर पडत असेल तर आमची हरकत नाही. उलट आमच्या तलावांना शोभेल असा जलपर्यटनाचा दुसरा प्रकार आम्हांला दिसत नाही. मात्र या विषयात नमुना म्हणून जे व्हिडिओ आणि फोटो दाखवले जातात ते समुद्रावरचे असतात: फ्लोरिडा कीज, बहामा, बेलीझ इथल्या गुडघाभर खाऱ्या पाण्याचे. नमुना उत्तम आहे. त्यातले काय उचलायचे आणि काय समुद्रावरच राहू द्यायचे, एवढ्यासाठी हे पत्र.

तिथे भरतीचे पाणी वाळूच्या आणि सागरी गवताच्या सपाट पट्ट्यांवर चढते. त्या पाण्यासोबत बोनफिश, परमिट, टार्पन हे मासे खायला वर येतात. बोट अशी असते की तीन माणसे बसूनही वीतभर पाण्यात तरंगावी. इंजिन लांबच बंद करून वर उचलतात. मागच्या उंच फळीवर वाटाड्या उभा राहतो आणि १८ ते २२ फुटी काठीने बोट ढकलतो, पाहुणा पुढे गळ घेऊन उभा. बोटीचे नाक म्हणजे घड्याळातले बारा. वाटाड्या मासा हेरतो आणि सांगतो, ‘अकरा वाजता, चाळीस फूट’. पाहुण्याने तिथे गळ टाकायचा. सगळा धंदा त्या एका हाकेवर उभा आहे. मासा हेरणारा नसेल तर बोट कितीही भारी घ्या, पाहुणा ऊन खाऊन घरी जातो.

आपल्याकडे तो हेरणारा माणूस आधीपासून तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, बसलेला आहे. त्याचा त्या पाण्यावर हक्कही आहे, आणि आराखड्यात नेमके हेच सुटते. कोहळी समाजाने गोंड राजवटीत बांधलेले हे तलाव १९५० च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेली तेव्हा सरकारकडे आले. आज मालकी कुठे जिल्हा परिषदेची, कुठे पाटबंधाऱ्याची, कुठे ग्रामपंचायतीची असते. मासेमारीचा ठेका मात्र बहुतेक ठिकाणी ढिवरांच्या, म्हणजे मासेमार समाजाच्या, सहकारी संस्थेकडे असतो. रोहू, कटला, मृगळ या मासोळ्या साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. म्हणजे तलावातला जवळपास प्रत्येक कटला हा संस्थेने पैसे मोजून आणलेल्या आणि सोडलेल्या बीजातून वाढलेला असतो. अशा तलावावर ‘पर्यटन’ म्हणून दुसऱ्याच ठेकेदाराला गळाची परवानगी दिली, तर एकाच मासोळीवर दोन पावत्या फाटतात. मग पहिल्याच हंगामात पारीवर भांडण उभे राहते आणि पोलीस पाटलाचा दिवस त्यात जातो. गडचिरोलीत तर वनहक्क कायद्याच्या कलम ३(१)(घ) खाली मासे आणि पाणवठ्यांतल्या इतर उपजांवर सामूहिक हक्क मिळू शकतो. तिथे ग्रामसभेला वगळून दिलेली परवानगी कायद्यापुढे टिकणे कठीण. म्हणून पहिली मागणी: गळ-सहलीचा परवाना ज्या संस्थेकडे मासेमारीचा हक्क आहे तिलाच द्यावा, आणि बाहेरच्या सहल कंपनीने तिच्याशी लेखी करार करून यावे.

आता पाण्याकडे वळू. समुद्रावर वेळापत्रक चंद्र ठरवतो, भरती-ओहोटीचा तक्ता वर्षभर आधी छापून मिळतो. आमच्याकडे ते काम तुडूम, म्हणजे तलावाचे पाणी सोडायचे दार, करतो. धानाला पाणी सोडले की दोन-तीन दिवसांत उथळ काठ उघडा पडतो, आणि काठाला चरणारी मासोळी खोल पाण्याकडे, पारीच्या बाजूला सरकते. पाणी उतरत असताना पहिला दिवस अनेकदा चांगला जातो, कारण काठावरून निघालेली मासोळी ठरावीक सखल वाटांनीच जाते आणि त्या वाटा ढिवराला ठाऊक असतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तिथे चिखल आणि बगळे. पाहुण्याने महिनाभर आधी पैसे भरले, गाडी करून आला, आणि आदल्या रात्री तुडूम उघडला, तर दोष वाटाड्यावर येतो. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्यातही तेच, फक्त तिथे उतार मोठ्या पसाऱ्यावर दिसतो आणि इटियाडोहसारख्या धरणावर कालव्याच्या पाळीप्रमाणे. पाणी सोडण्याच्या तारखा पाटबंधारे खात्याकडे असतातच. त्या संस्थेच्या सचिवाला फोनवर कळवायला खर्च शून्य आहे.

दुसरा फरक गाळाचा. समुद्रावरच्या त्या पट्ट्यांवर तळ बहुधा घट्ट असतो, पाहुणे बोटीतून उतरून चालत मासे धरतात. आमच्या तलावांत वर हातभर पाणी आणि खाली मांडीभर गाळ अशी जागा किती तरी ठिकाणी असते, आणि वरून बघून ती ओळखू येत नाही. पाहुण्याला पाण्यात उतरवायचे नाही, हा नियम बिनअपवाद ठेवावा. गाळामुळे काठीही बदलावी लागते. साधा बांबू रोवला की फूट-दीड फूट आत जातो आणि काढताना बोटच मागे खेचली जाते. त्यावर उपाय असा: १४ ते १६ फुटांचा, पातळ पेरांचा, वाळलेला बांबू घ्यायचा, त्याच्या बुडाला बाभळीची किंवा तेंदूची वीतभर रुंद बेचकी नायलॉन दोरीने घट्ट आवळायची. बेचकी गाळावर टेकते, रुतत नाही. तरीही कधी रुतलीच, तर वाटाड्याने काठी सोडून द्यायची. काठीला लोंबकळत राहिला की बोट पुढे निघून जाते आणि माणूस पाण्यात. सुटलेली काठी तरंगते. ती वल्ह्याने मागे येऊन उचलायची. म्हणून बोटीत एक आखूड वल्हे कायम हवे.

बोटीबद्दल थोडे सविस्तर, कारण पैसा तिथेच जातो. आमचा डोंगा बसून जाळे टाकायला चांगला, पण त्यात दोघे उभे राहिले की तो कलंडतो. पाहुण्यांसाठी तो नको. आणि पर्यटनाच्या निविदेत येणारी व्ही आकाराच्या बुडाची, मागे इंजिन लावलेली पांढरीशुभ्र बोटही नको. सपाट बुडाची, साधारण १४ फूट लांब, साडेचार फूट रुंद फायबरची बोट पुरते. वाटाड्या धरून तीन माणसांत ती सहा इंच पाण्यात चालली पाहिजे, ही अट निविदेत लिहा आणि बोट ताब्यात घेण्याआधी पाण्यात टाकून पट्टीने मोजा. मागची उभी राहायची फळी एक फुटापेक्षा उंच नको. समुद्रावर ती कमरेएवढी उंच असते, पण तिथली बोट जड आणि रुंद असते. आतला रंग राखाडी किंवा मळकट हिरवा. पांढऱ्या रंगावरून ऊन डोळ्यांत उलटते आणि पाण्यात काही दिसत नाही. तळाला काथ्याची चटई टाका. पाण्याची बाटली फायबरवर पडली तरी तो आवाज पाण्यातून लांब जातो, आणि काठावरची मरळ तेवढ्यानेही बुडी मारते. नांगर म्हणून साखळी नको, बांबूच रोवून बोट त्याला बांधायची.

इंजिनाचे म्हणाल तर तलावात ते मुळीच नको. फ्लोरिडात इंजिनाच्या पात्याने सागरी गवत मुळासकट उपटले जाते आणि ते चर भरायला कित्येक वर्षे लागतात. तिथे ही मोठी डोकेदुखी आहे. आमच्याकडे त्या पात्याखाली देवधान, म्हणजे तलावात आपोआप उगवणारा रानटी धान, येईल, आणि ज्या तलावांत ढिवरांनी शिंगाड्याचे वेल लावलेत तिथे सरळ पीकच येईल. वेल पात्याला गुंडाळला की इंजिन बंद, वेल तुटला की शिंगाडेवाल्याचे नुकसान. गोसीखुर्दच्या रुंद पाण्यात इंजिन लागते हे खरे. पण तिथे बुडीत गावांच्या भिंती आणि झाडांचे खुंट पाण्याखाली आहेत, म्हणून ठरलेल्या वाटेने हळू जायचे आणि काठ आला की बांबू. आणखी एक: मोठ्या धरणाची बोट आणि गावतलावाची बोट एकच ठेवू नये. जलपर्णीचा एक कोंब बुडाला चिकटून आला तरी पुढच्या वर्षी तलाव झाकायला पुरतो.

मासा दिसण्याचा प्रश्न उरतो. समुद्रावर पाणी काचेसारखे, आमच्याकडे दसऱ्यापर्यंत गढूळ. पाण्यावरची चकाकी कापणारा पोलराइज्ड चष्मा दोन्हीकडे लागतो. उथळ, हिरवट पाण्यात तांबूस-तपकिरी काचेचा चांगला, काळ्या काचेने उलट अंधारते. ऊन पाठीशी राहील अशी बोट फिरवायची. तरी आमच्याकडे पाण्यातली मासोळी क्वचित दिसते, दिसतात त्या तिच्या खुणा, आणि पाहुण्याला त्या दाखवणे हीच या सहलीची खरी गंमत आहे. मरळ हवेतला श्वास घेते. थोड्या थोड्या वेळाने ती वर येते, तोंड उघडते, ‘चुप’ असा आवाज होतो आणि पाण्यावर एक छोटे वर्तुळ राहते. तिथे लगेच गळ टाकायचा नाही. ती खाली जाताना तोंड कुणीकडे होते ते वाटाड्या बघतो आणि त्या दिशेने चार-पाच हात पुढे, कमळाच्या पानांच्या फटीत, गळ टाकायला सांगतो. मृगळ आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) तळ उकरतात तेव्हा बारीक बुडबुड्यांची रांग सरकत जाते. रांग एकाच जागी थांबली असेल तर तो नुसता गाळातला वायू. देवधानाचे दोन-चार ताटे वारा नसताना हलले, तर खाली गवत्या (ग्रास कार्प) किंवा रोहू आहे. घड्याळाची भाषा पाहुण्याला शिकवावी की ‘डाव्या हाताला, दोन बांबू पुढे’ म्हणावे, हे ज्याने त्याने ठरवावे. दोन्ही चालतात, मात्र निघण्याआधी काठावर चार वेळा सराव करून घ्यावा.

पावसाळ्याबद्दल मात्र तडजोड नको. समुद्रावर महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. आमच्या तलावांत गळ-सहली जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेर बंद राहाव्यात असे आमचे म्हणणे आहे, कारण याच काळात मरळ काठाच्या गवतात घरटे करते. पिल्ले निघाली की ती नारिंगी-लाल घोळक्याने पाण्यावर येतात आणि खाली जोडी राखण करते. त्या घोळक्यात गळ टाकला की राखणारी मरळ हमखास झेप घेते, भूक नसतानाही. बाहेरच्या हौशी गळवाल्यांना ही युक्ती चांगली माहीत आहे. मोठी एक मरळ हातात येते, आणि खालची सगळी पिल्ले तासाभरात बाकीच्या मासोळ्या फस्त करतात. गोंदियाच्या भागात सारस पक्षीही याच महिन्यांत उथळ पाण्यात आणि धानाच्या बांधीत घरटे करतो. तेव्हा बोट तिकडे फिरकूच नये.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम. मार्चमध्ये फक्त सकाळी, आणि एप्रिल-मे पुन्हा बंद. उन्हाळ्यात पाणी आटले की संस्था जाळे ओढते, तो तिचा कमाईचा काळ असतो. त्याशिवाय कारण प्राणवायूचे आहे. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना साडेसात. गळाला लागून दमलेल्या रोहूला तेवढा पुरत नाही. सोडल्यावर ती पोहत गेलेली दिसते आणि दुसऱ्या दिवशी काठाला लागते. मग पहाटे जाऊ, पाणी गार असते, असे कुणी म्हणेल. पण गवताने भरलेल्या तलावात रात्रभर वनस्पतीही प्राणवायू ओढतात, त्यामुळे पहाटेच तो सर्वांत कमी असतो. मार्चमध्ये आठ ते साडेदहा ही वेळ ठीक. आणि ब्रह्मपुरी, सिंदेवाही, नागभीडकडे अंधारात पारीवर माणसे न्यायचीच नाहीत, तिथे वाघाचा वावर आहे. तसेही ऊन वर आल्याशिवाय पाण्यात काही दिसत नाही. वळवाचे ढग दिसले की गळ खाली ठेवून काठ गाठायचा. कार्बनची गळकाठी वीज ओढून घेते.

‘धरा आणि सोडा’ हा नियम जसाच्या तसा आणू नये. बेलीझने २००९ मध्ये बोनफिश, टार्पन आणि परमिट सोडून देणे कायद्याने बंधनकारक केले, फ्लोरिडाने २०१३ मध्ये बोनफिश आणि टार्पनसाठी. आमच्या गावात धरलेली मासोळी पाण्यात सोडणाऱ्याकडे लोक वेड्यासारखे बघतील, आणि त्यांचे चूक नाही. आम्ही सुचवतो ते असे. मोठी मरळ सोडायची, कारण तीच पुढचे बीज. संस्थेने सोडलेला कटला, रोहू, मृगळ पाहुण्याला हवा असेल तर संस्थेच्या काट्यावर वजन करून बाजारभावाने विकायचा, माणशी एक. तिलापिया किंवा बंदी असलेला थाई मांगूर गळाला लागला तर तो कुठल्याही परिस्थितीत परत पाण्यात जाणार नाही. सोडायच्या मासोळीला हात ओले करून धरायचे, कोरड्या गमछ्याने नाही, त्याने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि बुरशी लागते. फोटो काढायचाच तर कॅमेरा तयार झाल्यावर मासोळी उचलायची, आणि फोटो काढणाऱ्याने श्वास रोखला तर तो सुटायच्या आत ती पाण्यात गेली पाहिजे.

गळाचे सामान साधेच. मरळीसाठी साडेसहा-सात फुटी दणकट काठी, ३० ते ४० पौंडी वेणीची दोरी आणि पाठीला चिकटलेल्या दुहेरी हुकाचा रबरी बेडूक, जो गवतात अडकत नाही. मरळीने बेडूक ओढला की लगेच हिसका मारायचा नाही. दोरी ताणली गेल्यावर मारायचा, नाही तर नुसता रबर हातात येतो. जिवंत बेडूक लावायला बंदी ठेवा. तीनतोंडी हुक नकोत, आणि प्रत्येक हुकाच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करायचा. यात मासोळीइतकाच माणसाचा फायदा आहे: नवख्या पाहुण्याचा पहिला गळ पुष्कळदा वाटाड्याच्या दंडात रुततो. सपाट हुक आला तसा निघतो. काट्याचा हुक असेल तर दांडी कातडीवर दाबून धरायची, हुकाच्या वळणात दोरी घालून कातडीला समांतर एक झटका द्यायचा, मग जखम धुवून धनुर्वाताचे इंजेक्शन. डोळ्याजवळ किंवा मानेत असेल तर हात न लावता दवाखाना. तुटलेली दोरी तलावात टाकायची नाही, खिशात घालून आणायची, पाणपक्ष्यांच्या पायांना तीच गुंडाळते.

जीवरक्षक जाकीट १०० न्यूटनचे घ्यावे (न्यूटन हे त्याच्या तरंगवण्याच्या जोराचे माप). स्वस्तातली ५० न्यूटनची जाकिटे पोहता येणाऱ्यासाठी असतात, आणि आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक पाहुण्यांना पोहता येत नाही. वाटाड्यानेही ते घालायचे. ‘मले पोहता येते’ हे कारण ऐकून घेऊ नये.

प्रशिक्षणासाठी बाहेरून तज्ज्ञ आणून मासोळी कुठे असते हे शिकवू नका. वाटाड्यांना शिकवायचे ते वेगळे: नवख्याला दहा मिनिटांत गळ फेकायला लावणे, प्रथमोपचार, पावती लिहिणे, आणि दारू प्यालेल्या पाहुण्याला काठावरूनच परत पाठवणे. शेवटच्या कामाला संस्थेचे पाठबळ लागते, एकट्या वाटाड्याला ते जमत नाही.

पैशाची वाटणी परवान्यातच लिहावी. अर्ध्या दिवसाचे एका बोटीचे २,५०० रुपये धरले, तर ९०० वाटाड्याचे, ७०० संस्थेच्या बीज आणि ठेका खात्यात, ४०० जेवण देणाऱ्या बचत गटाला, ३०० बोटीच्या डागडुजीला आणि २०० ग्रामपंचायतीला. आकडे मागेपुढे करा. वाटाड्याचा हिस्सा मात्र कंपनीच्या मर्जीवर सोडू नका. चाळीस हेक्टरच्या तलावावर एका वेळी तीन बोटी, बोटीमागे दोन गळ, याहून जास्त नकोत. एका काठावर सलग दोन दिवस गेले की मरळ आवाज ओळखते आणि आठवडाभर तिथे दर्शन देत नाही.

राष्ट्रीय उद्यान आणि व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीतले पाणी या योजनेतून सरळ वगळा. नवेगाव बांधचे नाव मोठे आहे म्हणून ते यादीत पहिले घ्यायचा मोह होईल, तो टाळा. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे वैनगंगेत येते, त्यामुळे गोसीखुर्दच्या फुगवट्यात सहल ठेवण्याआधी पाण्याची तपासणी करून निकाल संस्थेच्या फलकावर लावा.

कालवा सल्लागार समितीची रब्बीची बैठक ऑक्टोबरच्या सुमारास होते. त्या बैठकीत मच्छीमार संस्थांच्या प्रतिनिधीला बोलवावे, पाणी सोडण्याच्या तारखा किमान चार दिवस आधी कळवण्याचा ठराव घ्यावा, आणि प्रत्येक जिल्ह्यातला एकच मध्यम तलाव निवडून नोव्हेंबरपासून दोन बोटींवर सुरुवात करावी. बोटींची निविदा त्या बैठकीनंतर काढावी, आधी नाही.

आपले,
पूर्व विदर्भातल्या तलावांवर गळ आणि जाळे दोन्ही चालवणारे